मार्क टू ॲम्बॅसिडर: घाटातला मिस सापडला, आणि आजवरचा खर्च

रविवारी सकाळी पावणेसातला साताऱ्यातल्या समर्थ मंदिरापासून गाडी वर घेतली आणि थेट यवतेश्वर गावात थांबवली. एकदाही मिस मारला नाही, म्हणजे इंजिनाचा एकही ठोका चुकला नाही. ज्या वळणावर गेले चार महिने ती नेमानं खोकायची, तिथं मी मुद्दाम थर्डमध्येच ठेवून पाय दाबला. नुसता तो जुना घरघरता आवाज, एकसारखा. वर पोचल्यावर इंजिन बंद केलं नाही. बॉनेट उघडून दहा मिनिटं आयडलिंग ऐकत उभी राहिले. बाबा असते तर त्यांनीही तेच केलं असतं.

मागच्या वेळी लिहिलं होतं की दिवाळीनंतर इंजिनाचं हेड, म्हणजे वाल्व असलेला वरचा भाग, उतरवायचं. तो बेत रद्द झाला आहे. कारण पुढे येतंच आहे, आधी हिशेब सांगते, कारण तीनचार जणांनी तोच विचारला होता.

प्लग चार, ७२० रुपये. पॉइंट, म्हणजे उघडून ठिणगी पाडणारे संपर्क, ३५०. पॉइंटला जोडलेला कंडेन्सर तीन वेळा बदलला, ४५०. डिस्ट्रिब्युटरची (चारही प्लगना ठिणगी वाटतो तो) कॅप आणि आत फिरणारा रोटर ९००, प्लगच्या एचटी वायरींचा सेट ११००. कार्बुरेटरची किट ८५०, इंजिनावरच्या पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम ४००. ऑइल आणि फिल्टर २२००. मिस्त्रींच्या तीन फेऱ्या, मजुरी ३६००. एकूण १०,५७०. एवढं सगळं करूनही गाडी घाटात चौथ्या किलोमीटरला दम टाकायची. सपाटीला, पोवई नाक्यापासून हायवेपर्यंत, काही म्हणता काही तक्रार नाही. गार इंजिनावर तर अजिबात नाही.

मिस्त्रींचा कौल हेडवर होता. "ताई, वाल्व गेल्यात. शिट कापाया लागतील." त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. आपल्याकडे २००० सालापासून शिशाचं पेट्रोल बंद झालं, आणि या गाडीच्या बी सिरीज इंजिनाच्या बिडाच्या हेडमध्ये एक्झॉस्टचे वाल्व टेकतात त्या सीट शिशाशिवाय हळूहळू खाली बसतात. तसं झालं तर टॅपेटचं अंतर, म्हणजे वाल्व आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली फट, आपोआप कमी होत जातं. म्हणून दर महिन्याला मी एक्झॉस्टचे टॅपेट वहीत लिहून ठेवते. नऊचा नियम, दोन नंबरांची बेरीज नऊ, सगळ्यांना माहीत आहेच: आठ नंबरचा वाल्व पूर्ण दाबलेला असताना एकचा टॅपेट, सातचा दाबलेला असताना दोनचा. चारही एक्झॉस्ट १५ थाऊवर (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), चार महिन्यांत हलले नाहीत. कॉम्प्रेशनही, म्हणजे सिलिंडरमधला दाब, घेतलं, गरम इंजिन, चारही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा: १२८, १२६, १३०, १२५. चारही जवळजवळ सारखे, या आकड्यांवर हेड उतरवायला माझं मन होईना. त्या कामाचा अंदाज १८ हजारांचा होता.

मग कंडेन्सर. गरम झाल्यावर मिस म्हटलं की सगळे आधी कंडेन्सरच सांगतात, आणि बहुतेक वेळा बरोबरही असतात. पण तिसरा नवा कंडेन्सर घालूनही तेच. (ऑनलाइन मागवलेल्या दोनांपैकी एक तर गार असतानाच मेलेला निघाला. नाना पेठेतून आणलेला जुन्या साठ्यातला अजून चालू आहे. जुना साठा मिळाला तर दुप्पट पैसे द्यावेत असं माझं मत झालं आहे.)

खरी दिशा टायमिंग लाइटनं दाखवली. हा लाइट दर ठिणगीला चमकतो आणि ठिणगी कधी पडते ते दाखवतो. लाइट क्रँकच्या पुढच्या पुलीवर धरला तर खूण एका जागी थांबेना, चारपाच डिग्री पुढेमागे नाचत होती. पहिला संशय टायमिंग चेनवर गेला, क्रँकवरून डिस्ट्रिब्युटरपर्यंत गती तीच पोचवते. ती सैल झाली तरी असंच दिसतं. पण चेन तपासायला काही खोलावं लागत नाही. कॅप काढली, पुढून हँडल घातलं, क्रँक सुलट फिरवून थांबवला आणि मग पुली हातानं धरून उलट फिरवायला सुरुवात केली. रोटर कितव्या डिग्रीला हलतो ते बघायचं. तो लगेच हलला. चेन ठीक.

हँडल हातात होतंच, म्हणून पॉइंट उघडणाऱ्या शाफ्टवरच्या चारही उंचवट्यांवर, म्हणजे लोबवर, पॉइंटचा गॅप मोजला. १५, १५, १४, १५. यात काय वाईट आहे? दोन दिवस इथंच अडकले. तिसऱ्या दिवशी एका मित्राचा जुना ड्वेल मीटर आणून लावला. पॉइंट किती डिग्री मिटलेले राहतात ते तो इंजिन चालू असताना दाखवतो. ६० च्या आसपास स्थिर राहायला हवा तो काटा ५२ ते ६३ मध्ये लोंबकळत होता. गॅप मोजायची पट्टी, फिलर गेज, म्हणते सगळं नीट, ड्वेल मीटर म्हणतो काहीच नीट नाही.

रात्री झोपताना लक्षात आलं. इंजिन बंद असताना पॉइंटची स्प्रिंग डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टला दर वेळी एकाच बाजूला ढकलून धरते. शाफ्ट ज्यात फिरतो तो बुश कितीही झिजलेला असला तरी शाफ्ट त्याच कडेला टेकलेला, म्हणून गॅप दर लोबवर सारखा. इंजिन सुरू झालं की शाफ्ट भोकात मोकळा भटकतो आणि गॅप दर ठिणगीला वेगळा. थांबलेल्या गाडीवर लावलेला गॅप खोटा बोलत होता, आणि मी चार महिने तोच लावत होते. पहाटे साडेपाचला उठून कॅप काढली, बोटानं शाफ्ट पॉइंटच्या दिशेला आणि परत उलट दाबला. १५ चा गॅप १९ झाला. चार थाऊ! एवढा खेळ बोटालाही लागत होता, फक्त त्या दिशेनं दाबून बघायचं कधी सुचलं नव्हतं.

गरम झाल्यावरच का, तेही मग जुळलं. डिस्ट्रिब्युटरची बॉडी ॲल्युमिनियमची, शाफ्ट पोलादाचा. तापल्यावर बॉडी जास्त पसरते आणि फट वाढते. वर घाटात लोड, सिलिंडरमधला दाब जास्त, ठिणगीला जोर जास्त लागतो, आणि नेमकी तेव्हाच ड्वेल ५२ वर गेलेली, म्हणजे कॉइलला भरायला वेळ कमी.

डिस्ट्रिब्युटर काढताना क्लँपवर आणि ब्लॉकवर खूण केली. खालचा डॉग, म्हणजे इंजिनात अडकणारा खाचेचा तुकडा, एका बाजूला सरकवलेला असतो, त्यामुळे उलटा बसत नाही, पण क्लँपची जागा हरवली की टायमिंग पहिल्यापासून. डॉगची पिन ठोकून शाफ्ट बाहेर घेतला. शाफ्ट सुदैवानं चांगला होता, सगळी झीज बुशवर.

एमआयडीसीतल्या टर्नर काकांकडे गेले. बाबांचं काम तेच करायचे. मला मूळच्यासारखा तेल पिणारा, भुकटीच्या ब्राँझचा बुश हवा होता. त्या मापाचा तयार मिळाला नाही, आणि जवळच्या मापाचा आतून कापला तर त्याची छिद्रं बुजतात, मग तेल धरणार कशानं? काका म्हणाले, "फॉस्फर ब्राँझचा करू, आतनं तेलाची नाळ काढून देतो. तुझ्या बाबाच्या पंपाला असाच दिलाय, अजून फिरतोय." मी विचार करायला एक दिवस घेतला आणि हो म्हटलं. ब्राँझच्या तुकड्याचे १८०, मजुरी ५००. काकांनी भोक मापात आणणारा रीमर फिरवून शाफ्ट आत घातला तेव्हा तो स्वतःच्या वजनानं हळूच खाली सरकत गेला, कुठं अडखळला नाही. ते बघताना जे वाटलं ते इथं वाचणाऱ्यांना सांगायला नको. ६८० रुपये. वर कंदी पेढ्यांचा पुडा नेऊन दिला, तो हिशेबात धरत नाही.

बसवल्यावर ड्वेल ५९ ते ६०, काटा जवळजवळ चिकटलेला. पुलीवरची खूण थांबली. आता रोटरखालच्या स्क्रूवर दर महिन्याला दोन थेंब ऑइल टाकणार. ते कुणीच टाकत नाही, मीही टाकत नव्हते, आणि बुश बहुधा त्यानंच गेला.

पॉइंटऐवजी बसणारी इलेक्ट्रॉनिक किट घेण्याचा विचार होता, तोही सोडला. ती घातली असती तर पॉइंटचा गॅप हा प्रश्नच उरला नसता आणि मिस कदाचित कमीही झाला असता. पण शाफ्ट आत तसाच डुलत राहिला असता, आणि मला कळलंही नसतं.

लिहिता लिहिता एक गोष्ट डोक्यात आली. शाफ्ट इतकी वर्षं डुलला असेल तर त्याच्यावरची वजनं आणि ॲडव्हान्सच्या (वेग वाढला की ठिणगी आधी पाडण्याच्या) स्प्रिंगा सरळ कशा राहिल्या असतील? परवा लाइट लावून वेग वाढवला तेव्हा ॲडव्हान्स फार लवकर पूर्ण झाल्यासारखा वाटला होता, पण घाटाच्या आनंदात तिकडे दुर्लक्ष केलं. आधी ठरवलं होतं की आता कार्बुरेटरमध्ये पेट्रोल मोजून सोडणाऱ्या जेटचं काम घ्यायचं, कारण प्लग पांढरट निघत आहेत, म्हणजे पेट्रोल कमी पडतं आहे. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर मिश्रण पातळ होतंच. पण टायमिंगचा वक्र चुकीचा असताना जेट ठरवणं म्हणजे परत अंदाजानं पैसे घालणं. तेव्हा क्रम बदलला: आधी स्प्रिंगा, मग जेट. पेट्रोलच्या रबरी नळ्या मात्र या आठवड्यातच बदलते. पंपाजवळची नळी इथेनॉलनं फुगून मऊ पडली आहे, तिच्यासाठी थांबता येणार नाही.

कुणाकडे मार्क टूच्या मूळ लुकास टीव्हीएस डिस्ट्रिब्युटरच्या स्प्रिंगा असतील तर सांगा. दोन्ही वेगवेगळ्या जाडीच्या हव्यात, एक बारीक आणि एक जाड. एकसारख्या दोन नकोत, त्या इथं साताऱ्यातच मिळत आहेत.