एक लिटर डिझेलचा हिशोब: आमची वाटचाल

भांडुपला एलबीएस मार्गाच्या आतल्या गल्लीत आमचा गाळा आहे. बाबांच्या वेळेपासून बॉयलरच्या चिमण्या, डक्ट, टाक्या असं फॅब्रिकेशनचं काम चालायचं. चिमणीच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड टाकीतल्या शेवाळाला खाऊ घालायचा, या धंद्यात आम्हाला ओढलं सरांनी. सर वनस्पतिशास्त्राचे, निवृत्त. एक टाकी करून घ्यायला आले आणि भागीदार होऊन बसले. बाबा म्हणायचे, "लोक टाकीतलं शेवाळ घासायला माणूस लावतात, हा वाढवायला लावतोय."

पहिलं गिऱ्हाईक लाँड्रीवाले काका. त्यांचा बॉयलर पीएनजीचा, म्हणजे पाइपने येणाऱ्या गॅसचा, हे आमचं नशीब. फर्नेस ऑइलच्या धुरात गंधक असतं, त्याचं पाण्यात आम्ल होतं, पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल ते सांगणारा आकडा, कोसळतो आणि मागोमाग क्लोरेला, आमचं एकपेशी शेवाळ. धूर आधी पाण्याच्या फवाऱ्यातून गार करायचा, मग ब्लोअरने टाकीत सोडायचा. पीएच 8 च्या वर गेला की धुराचा विजेवरचा व्हॉल्व्ह (सोलेनॉइड) उघडतो, 7 वर आला की बंद. रात्री पूर्ण बंद, कारण अंधारात शेवाळ कार्बन घेत नाही, उलट थोडा सोडतं. पाणी फिरतं ठेवणाऱ्या पॅडल व्हीलला काकांच्या भंगारातल्या वॉशिंग मशिनची मोटर आणि गिअरबॉक्स लावला. तो अजून फिरतोय. नवे घेतलेले दोन जळले.

मग एका नव्या गिऱ्हाइकाकडे आमच्यासमोर एक कंपनी आली. काचेच्या नळ्या, आत हिरवे दिवे, आणि 'तुमच्या चिमणीचा सगळा कार्बन आम्ही गिळू'. आम्ही त्याच गिऱ्हाइकाला खरा हिशोब लिहून दिला होता: चौरस मीटरला दिवसाला 15 ग्रॅम सुकं शेवाळ, म्हणजे 100 चौरस मीटरला दीड किलो. एक किलो शेवाळ साधारण 1.8 किलो कार्बन डायऑक्साइड घेतं. झाले 2.7 किलो. एक लिटर डिझेल जाळलं की तेवढाच निघतो. अख्ख्या टाकीची दिवसभराची कमाई एक लिटर डिझेल! ऑर्डर अर्थातच त्यांना गेली.

त्याच पावसाळ्यात आमच्या टाक्या मेल्या. ऊन नाही, पागोळ्यांचं पाणी आत, आणि तिसऱ्या दिवशी हिरवं पाणी चहासारखं झालं. सरांनी थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला, काही न बोलता मला बघायला लावलं. रोटिफर, शेवाळ खाणारे सूक्ष्म जीव. डोक्यावर दोन चक्रं फिरवत क्लोरेला गिळत होते. तीन टाक्यांपैकी एकही वाचली नाही. कुणीतरी त्या पाण्याचे फोटो काढले आणि ते त्या कंपनीच्या माणसाच्या फोनमध्ये कसे पोचले, हे मला आजही कळलेलं नाही. तो गिऱ्हाइकांना दाखवत हिंडला: 'बघा, यांचं शेवाळ मरतं.' अरे, सगळ्यांचंच मरतं! तुझं काचेत मेलं की हिरव्या दिव्यांमुळे लांबून दिसत नाही, एवढंच.

पगाराला पैसे नव्हते. वेल्डिंग सेट विकायला काढला. वाचलो ते सरांच्या घरच्या बाल्कनीमुळे. तिथे ट्यूबलाइटखाली अडीचशे मिलिलिटरच्या चंबूत मूळ कल्चर, म्हणजे शेवाळाचं बियाणं होतं. चंबूतून दोन लिटरच्या बाटलीत, तिथून पाण्याच्या वीस लिटरच्या जारमध्ये, मग टाकीत. महिना गेला. काकांनी त्या महिन्याचं देखभालीचं बिल न मागता भरलं. म्हणाले, "तू मला एक लिटरच सांगितला होतास."

नंतरची वर्षं बरी गेली.

या धंद्यात येणाऱ्यांना सांगतो. गच्चीवर टाकी मांडण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. 25 सेंटीमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला अडीचशे किलो. कुणी धुरातला इतके टक्के कार्बन गिळू म्हणालं की सुक्या शेवाळाचं वजन मागा. आणि शेवाळाचं पुढे काय होणार ते आधी ठरवा. कुजलं की कार्बन परत हवेत. तुरटी घालून तळाला बसवलेलं शेवाळ माशांना घालू नका. बीज कल्चर दोन वेगळ्या घरांत ठेवा.

गेल्या महिन्यात एक भंगारवाला गाळ्यावर आला, काचेच्या नळ्या घेता का विचारत. कुठल्या ते मी ओळखल्या. सीड कल्चरला काच बरी, म्हणून घेतल्या. भाव मात्र त्याने नव्याचा लावला.