एकवीस गिअर आणि एक उड्डाणपूल

नाशिकहून बडोद्याला येऊन आठ महिने झाले, तरी आजी अजून शेजाऱ्यांना "नातू परदेशात असतो" असंच सांगते. पासपोर्टाचं सोडा, रात्रीच्या बसला बसलं की सकाळच्या चहाला पोचतो माणूस. शिवाय आपल्याच जिल्ह्यातल्या कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळ १८७५ साली इथे दत्तक आला आणि सयाजीराव महाराज झाला. पण आजीपुढे इतिहास चालत नाही.

तर, सायकल घेतली. शेवटची चालवली ती दहावीत, काकांची काळी, बावीस इंची, डबलसीट नेली तरी कुरकुर न करणारी. नवी हायब्रिड आहे, म्हणजे रस्त्याच्या आणि डोंगरातल्या सायकलीच्या मधली. पुढे तीन चकत्या, मागे सात, म्हणजे एकवीस गिअर. एवढ्या पैशांत स्टँड नाही, मडगार्ड नाही, घंटीसुद्धा नाही! घरमालकीणबाईंनी दोनदा विचारलं, "अहो, मग ही उभी कशी राहते?" राहत नाही. भिंतीला टेकते.

पहिल्यांदा जाणवला तो हलकेपणा. एका हाताने उचलून दोन जिने चढवता येते. दुसरं म्हणजे आवाज. पाय थांबवले की मागच्या चाकातून बारीक किर्रर्र सुरू होतं. पहिल्या दिवशी मला वाटलं काहीतरी तुटलं, उतरून चाकाशी उकिडवा बसलो. काही नाही, पाय थांबले तरी चाक फिरू देणारं फ्रीव्हील बोलतं.

सीटचा घोळ मात्र माझा. दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून ती खाली ठेवली आणि तिसऱ्या दिवशी गुडघे ठणकायला लागले. पॅडल अगदी खाली गेल्यावर गुडघा जेमतेम वाकलेला राहील एवढी सीट हवी, हे नंतर कळलं. ती वर घेतली तर सिग्नलला पाय पोचेना. काळ्या घोड्याच्या चौकात मी तोल जाऊन सरळ एका रिक्षेवर रेललो. "जोजो भाई!" म्हणजे सांभाळून, रिक्षावाला म्हणाला, तेही हसत. वर ब्राँझच्या घोड्यावर महाराज ताठ बसलेले, खाली मी असा. आता थांबताना आधी सीटवरून पुढे उतरतो, मग पाय टेकवतो.

पुढचा विश्वामित्रीचा पूल मला सायकलीमुळे मिळाला. बसमधून तो कधी आला-गेला कळायचं नाही. आता कठड्याला सायकल टेकवून खाली बघतो. हिवाळ्याच्या उन्हात काठावर मगर पडलेली असते, ऐन शहरात. आईला फोटो पाठवला, तर दुसरा रस्ता नाही का म्हणाली.

आता गिअर. बडोदं तव्यासारखं सपाट आहे, चढ म्हणजे उड्डाणपूल. तोच एक चढ गाठून मी एकवीस गिअरांची हौस भागवायला गेलो. निम्म्यावर दम लागला, थांबलो, उभ्या सायकलीवरच खटके मारले आणि जोर लावला. चेन खाली. काळेकुट्ट हात घेऊन उरलेला पूल चालत उतरलो.

दांडिया बाजारातल्या एका मेकॅनिककाकांकडे गेलो. मी मोडक्या गुजरातीत सुरुवात केली, ते स्वच्छ मराठीत म्हणाले, "पाय फिरत असताना बदलायचा ने गिअर! चढ यायच्या आधी, अन् बदलताना जोर नाही द्यायचा." शेवटचा 'ने' तेवढा गुजराती. माझी दुसरी तक्रार अशी, की पंधरा दिवसांतच चेन आपोआप एका चकतीवरून दुसरीवर उड्या मारते. मला वाटलं सायकल खराब निघाली. त्यांनी केबलच्या टोकाचा गोल स्क्रू अर्धा फेरा फिरवला, चाक उचलून पॅडल मारलं, ऐकलं, पुन्हा पाव फेरा. झालं. नवी केबल सुरुवातीला बसते, थोडी ढिली पडते, म्हणून पहिली सर्व्हिस चुकवायची नाही. पैसे घेतले नाहीत. हवा मात्र अंगठ्याने दाबून बघू नका म्हणाले, टायरच्या कडेला आकडा छापलेला असतो तो वाचा.

मग त्यांच्याकडेच घंटी आणि कॅरिअर बसवून घेतलं. कॅरिअरने सायकलीचं रूप पार गेलं, मान्य. पण आजीसाठी घेतलेला लीलो चेवडा, म्हणजे इथला ओलसर चिवडा, हँडलला लटकवून आणला, तर पिशवी पुढच्या चाकात जाते. एकदा गेलीय.