कॅराव्हॅनची नोंदवही: टायर बदलले, स्टेपनीसकट

छपराची गळती आटोपली, आता टायर.

इंग्लंडात लेस्टरजवळ एका शेतावर हिवाळाभर उभी असलेली कॅराव्हॅन (कारमागे जोडून ओढायचं चाकांवरचं घर) मार्चमध्ये बाहेर काढली. टायरच्या नक्षीची खोली मोजली, तर चांगली 6 मिलिमीटर, कायद्याला 1.6 पुरते. टायर दिसायला काळेभोर. तारीख मात्र सापडेना. डॉट कोडचे (टायरवर कोरलेल्या ओळख-क्रमांकाचे) शेवटचे चार आकडे, म्हणजे बनल्याचा आठवडा आणि साल, टायरच्या एकाच अंगाला असतात, आणि आमच्या दोन्ही टायरांचं ते अंग आत, चासीकडे. शेवटी चटई टाकून खाली शिरलो, बायकोने टॉर्च धरला. 2115, म्हणजे 2015 सालचा 21वा आठवडा! अंगठ्याने चिखल पुसला, तर रिमला समांतर केसासारख्या भेगा, नख अडकेल एवढ्या. बाहेरच्या अंगाला त्या पॉलिशखाली झाकल्या गेल्या होत्या. कॅराव्हॅन विकत घेतली तेव्हा ह्याच टायरांवर मोटरवेने 60 मैलांच्या वेगाने घरी आणली होती, मुलं कारच्या मागच्या सीटवर. आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

ब्रिटनमध्ये फेब्रुवारी 2021 पासून ट्रक-बसच्या पुढच्या चाकांना 10 वर्षांपुढचे टायर चालत नाहीत. कॅराव्हॅनला असा कायदा नाही, त्यामुळे तारीख आपणच बघायची. 5 वर्षांनी बदलायचे, 7 च्या पुढे कधीच न्यायचे नाहीत, हा इथला रिवाज मला पटतो. कॅराव्हॅनचे टायर झिजून जात नाहीत, उभ्या उभ्या म्हातारे होतात.

आता निवड. आमचं कमाल वजन 1350 किलो, एकच ॲक्सल, म्हणजे चाकामागे 675. थोडी सवड धरून निदान 750 किलो पेलणारा, म्हणजे लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा ठरलेला आकडा) 98 तरी हवा. पहिल्या दुकानात 14 इंची कारचा टायर पुढे केला, इंडेक्स 86. तो पेलतो 530 किलो! मुकाट्याने परत आलो. शेवटी जुन्याच मापाचे 185 आर 14 सी घेतले, 102/100. ह्यातला 102 (850 किलो) आपला. 100 हा जोडचाकांसाठी, म्हणजे ट्रकसारखी दोन चाकं एकमेकांना चिकटून असतात तेव्हाचा. दोन ॲक्सलच्या कॅराव्हॅनलाही 102च धरायचा. इथे बरेच जण गोंधळतात.

व्हॉल्व्हही नवे बसवून घेतले. स्टेपनी कधीच जमिनीला लागली नव्हती, पण तीही 2015 चीच निघाली, म्हणून बदलली. हवा गार टायरमध्ये, हँडबुकाप्रमाणे. जॅक चासीच्या ठरलेल्या जागीच लावला. कोपऱ्यातले पाय गाडी स्थिर ठेवायला असतात, उचलायला नाही.

बोल्ट टॉर्कच्या पान्याने (ठरवलेल्या जोराइतकंच आवळणाऱ्या) आवळले आणि 30 मैलांची फेरी मारून पुन्हा तपासले. डावीकडचा एक अजून थोडा फिरला. पुढच्या शनिवारी ब्रेकची केबल.