वरची खोली आणि सेक्शन २० चा घोळ (इंग्लंड, सपोर्टेड लॉजिंग्ज)

मुलगी युनिव्हर्सिटीला गेली, वरची खोली रिकामी, म्हणून काउन्सिलच्या (आपल्या पालिकेसारखी) सपोर्टेड लॉजिंग्जला नाव दिलं. फॉस्टरिंगपेक्षा (पोर घरात घेऊन पालकांसारखं सांभाळणं) हे वेगळं, साधारण १६ ते २१ ची पोरं आपल्याकडे एका खोलीत राहतात, स्वतःचं रांधायला, पैसे पुरवून वापरायला शिकतात, आपण हाताशी असायचं, काउन्सिल आठवड्याला पैसे देते.

खोली बघायला पाच मिनिटं लागली, बाकी सगळी चौकशी आमचीच. घरातल्या १८ वरच्या सगळ्यांचा डीबीएस (गुन्ह्यांची नोंद तपासणं), मेडिकल, रेफरन्स, आणि असेसमेंटवाल्या बाई तर थेट आमच्या लहानपणात शिरल्या, वडील मारायचे का, तुमची दोघांची भांडणं कशी मिटतात, पोरगा रात्री पिऊन आला तर दार उघडाल का. नवरा म्हणे लग्न ठरवताना तुझ्या मामांनीपण एवढं विचारलं नव्हतं. मला पटलं, परक्याचं पोर ठेवायचं तर विचारायलाच हवं. मंजुरी देणारं पॅनल पटकन झालं.

आमच्याकडे आला तो १७ चा, घरातून काढलेला, मित्रांच्या सोफ्यावर झोपायचा. त्याच्या कागदावर चिल्ड्रन ॲक्टचं (मुलांसाठीचा कायदा) सेक्शन १७ होतं, म्हणजे नुसती मदत. त्याच कायद्याचं सेक्शन २० असेल तर पोर काउन्सिलच्या केअरमध्ये, म्हणजे तिच्या जबाबदारीत, धरतात. रोजच्या राहण्यात काही फरक नाही हो, पण १४ नंतर मिळून १३ आठवडे केअरमध्ये, आणि त्यातले काही १६ नंतरचे, असं असेल तरच पुढे केअर लीव्हरचे (केअरमधून बाहेर पडलेल्याचे) सगळे हक्क: २५ पर्यंत मार्ग दाखवणारा पर्सनल ॲडव्हायजर, पाथवे प्लॅन (पुढच्या आयुष्याचा लेखी आराखडा), युनिव्हर्सिटीत शिकला तर २००० पौंडांची बर्सरी, घर मांडायला पैसे (सरकार काउन्सिलांना ३००० द्या म्हणतं). सेक्शन १७ चे आठवडे यात धरत नाहीत!

२००९ चा साउथवर्क या लंडनच्या काउन्सिलविरुद्धचा कोर्टाचा निकाल आहे, १६-१७ चं पोर बेघर होऊन आलं तर सोशल सर्व्हिसेसनेच बघायचं, नुसतं हाऊसिंगकडे ढकलायचं नाही. म्हणजे आमच्या पोराला सेक्शन २० मिळायला हवं होतं. पण तो स्वतःच नको म्हणायला लागला, केअर म्हणजे परत मला कुठेतरी हलवणार. ते चुकीचंही नव्हतं त्याचं, तोवर हलवलंच होतं सगळ्यांनी. म्हणून आधी ॲडव्होकेट (वकील नव्हे, पोराची बाजू मांडणारा माणूस) मागून घेतला, फुकट असतो, त्याने नीट समजावलं, मग पोराने स्वतःच सेक्शन २० मागणारं पत्र दिलं. काउन्सिलचे पैसे घेऊन काउन्सिललाच पत्र म्हणून नवरा टरकलेला, पण सोशल वर्कर सज्जन निघाली, तिने मॅनेजरकडे लावून धरलं आणि कागद बदलला, तोही आमच्याकडे आला त्या तारखेपासून. वाढदिवस जवळ आलेला, तारीख तेवढी पुढची पडली असती तर १३ आठवडे भरलेच नसते.

अजून एक, १८ नंतर भाड्याचा काही भाग त्याच्या बेनिफिटमधून येतो. केअर लीव्हरला युनिव्हर्सल क्रेडिटच्या (हाच तो सरकारी बेनिफिट) अर्जाची तयारी वाढदिवसाच्या २८ दिवस आधीपासून करता येते, ॲडव्हायजरच्या मागे लागून ती करून घ्या, कारण पहिले पैसे हातात यायला पाचेक आठवडे जातात.