काका, इथे पडलात

मागच्या ऑगस्टात भावाकडे बर्मिंगहॅमला गेलो होतो तेव्हा एका रविवारी त्याने गाडीत घालून कॅनक चेसला नेलं, म्हणजे आपल्याकडचा माळच समजा, फक्त गवताच्या जागी गुडघाभर हीथरची झुडपं आणि फुलायचा सीझन म्हणून सगळा माळ जांभळा. मी फोटो काढत मागे मागे सरकतोय आणि धप्पकन एका चरात. पँट चिखलाने भरली, वहिनी हसून हसून बेजार. झाकलेला चर, फार तर दीड फूट खोल. उठलो, झटकलं, विसरलो.

इंदूरला परत आल्यावर पुतण्याने व्हॉट्सॲपवर एक काळापांढरा फोटो पाठवला, त्यावर लाल गोल आणि खाली "काका, इथे पडलात". लायडारचा फोटो होता. विमानातून जमिनीवर लेझर मारतात, तो परत यायला किती वेळ लागला त्यावरून उंची कळते, मग झाडंझुडपं कॉम्प्युटरवर पुसून टाकली की नुसती जमीन उरते, वीतभर खळगा असला तरी दिसतो. आणि माझा चर सरळ नव्हताच! जरा पुढे जाऊन काटकोनात वळलेला, पुन्हा पुढे, पुन्हा वळलेला, थेट आईच्या माहेश्वरीचा काठ. पहिल्या महायुद्धातले सरावाचे खंदक हे. वळणं मुद्दाम, म्हणजे तोफगोळा आत पडला तर तेवढ्याच तुकड्यातले जातील आणि शत्रू आत उतरला तरी त्याला सगळ्या लाईनभर गोळ्या झाडता येणार नाहीत. कुठलं वळण कशासाठी ते पोरांना तिथे चिखलात शिकवत होते, मी तिथे सेल्फी घेत होतो.

तिथे ब्रॉक्टन आणि रूजली अशा दोन छावण्या होत्या, प्रत्येकीत 20,000 पर्यंत माणसं मावायची. त्यातलं मला सगळ्यात भारी वाटलं ते मेसीनचं मॉडेल. जून 1917 मध्ये बेल्जियमच्या मेसीन गावाची लढाई झाली, न्यूझीलंडवाल्यांनी ते गाव घेतलं, आणि मग 1918 मध्ये या माळावर त्याच गावाची सिमेंटची छोटी प्रतिकृती केली, घरं, रस्ते, खंदक, सगळं. आपण दिवाळीत अंगणात किल्ला करतो ना, तसंच, पण सुमारे 40 मीटर लांबरुंद. बांधून घेतली कोणाकडून, तर जर्मन कैद्यांकडून! आपलीच माणसं जिथे हरली ते गाव आपल्याच हाताने घडवायचं, काय वाटत असेल देव जाणे. 2013 मध्ये उकरून काढलं, मोजमाप घेतलं आणि टिकावं म्हणून परत मातीने बुजवून टाकलं.

हे सगळं शंभर वर्षं राहिलं कारण त्या रेताड गोट्याळ जमिनीत कोणी नांगर घातला नाही. आपल्या माळव्यात काय राहणार, काळी माती, सोयाबीन काढलं की गहू, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा. तरी खोड जात नाही, इथे इंदूरजवळच महूला 1818 पासून लष्कराची छावणी, म्हटलं तिकडच्या बरड टेकड्यांवर काही दिसतंय का, सॅटेलाईटवर झूम करत बसलो. बायको चहा घेऊन आली, स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाली, "अहो, छावणी कसली मोठी करून बघताय, उद्या कोणी घरी यायचं विचारायला."