पाईपाले पानी हाय का?

शुक्रवार, रात्री साडेअकरा. हिंगणघाट तालुका, घरची ओसरी.

सोमवारी मीटिंगमध्ये मोठ्या तोंडानं सांगून बसलो होतो की नव्या सेवेच्या टेस्ट बसवणं म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम आहे. आज शुक्रवार.

बाजारभाव कळवणाऱ्या आमच्या सगळ्या सेवा पायथनमध्ये. कोड पुश केला की गिटहब अ‍ॅक्शन्सवर, म्हणजे गिटहबच्या आपोआप कामं उरकणाऱ्या यंत्रणेवर, डॉकर इमेज (सेवा आणि तिला लागणारं सामान एकत्र बांधलेलं गाठोडं) बनते. मग टेस्टकंटेनर्स या लायब्ररीच्या मदतीनं टेस्टच ती इमेज आणि पोस्टग्रेस हा डेटाबेस असे दोन कंटेनर, म्हणजे चालती गाठोडी, उभे करते. पास झालं तरच कोड मुख्य कोडात मर्ज. दोन वर्षं बिनबोभाट चाललं. आता मेसेज पाठवणारी सेवा गो भाषेत नव्यानं लिहिली, तिला याच वर्कफ्लोत, म्हणजे पायऱ्यांच्या साखळीत, बसवायचं. मॅट्रिक्समध्ये (कोणत्या सेवा तपासायच्या त्या यादीत) एक ओळ वाढवली की झालं, असा माझा हिशोब.

ओळ वाढवली. मिनिटाच्या आत हिरवी खूण.

एवढ्या लवकर? मागच्या पंधरवड्यात विहिरीवरच्या मोटरीला मोबाईल स्टार्टर बसवला. ओसरीवर बसून फोन लावला, ‘मोटर चालू’ असा मेसेज आला, बाबांना ऐटीत दाखवला. ते म्हणाले, “मोटर चालू हाय, पन पाईपाले पानी हाय का?” नव्हतं. पाईपाच्या तळाच्या फुटवॉलमध्ये कचरा अडकलेला, मोटर नुसती हवा ओढून राहिली होती.

म्हणून लॉग उघडला. पोस्टग्रेसचा मागमूस नाही. प्रत्येक पॅकेजसमोर एकच वाक्य, ‘नो टेस्ट फाइल्स’. कंटेनरवाल्या टेस्टच्या माथ्यावर आमच्याच एका पोट्ट्यानं ‘इंटिग्रेशन’ हा बिल्ड टॅग लावलेला. कमांडमध्ये तो टॅग दिला नाही तर गोला त्या फाइली दिसतच नाहीत, आणि दिसल्या नाहीत म्हणून त्याची काही तक्रारही नसते. पायथनच्या टेस्ट चालवणाऱ्या पायटेस्टला एकही टेस्ट सापडली नाही तर तो ५ हा एक्झिट कोड (काम संपताना दिलेला निकालाचा आकडा) देऊन सगळं लाल करतो. गो ० देतो, म्हणजे सगळं ठीक. दोन वर्षं आम्ही पायटेस्टच्या खाष्टपणावर निभावून नेलं. वर्कफ्लोत स्वतःची अशी तपासणी कुठे नव्हतीच.

टॅग दिला, आणि धडाधड लाल. सेवा उभी राहिली का, हे बघायला आम्ही कंटेनरच्या आत शिरून कर्ल (सेवेला विनंती पाठवून बघणारं छोटं टूल) चालवायचो. गोची इमेज ‘स्क्रॅच’ या साफ रिकाम्या इमेजवर बांधलेली, आत एक बायनरी (थेट चालणारी फाइल), बस. कर्ल सोडा, कमांड चालवणारं शेलही नाही. तपासणी बाहेरून पोर्टवर नेली.

पुढचा एरर वाचून मात्र हसूच आलं. ‘अननोन टाइम झोन एशिया/कोलकाता’. नुसती बायनरी लॅपटॉपवर चालवली तर व्यवस्थित, कारण टाइमझोनच्या फाइली लॅपटॉपवर आहेत. स्क्रॅचमध्ये कुठल्या असणार? २०२० च्या १.१५ आवृत्तीपासून गोमध्ये ‘टाइम/टीझेडडेटा’ इम्पोर्ट केलं की ती माहिती बायनरीतच जाते. वजन साधारण साडेचारशे केबीनं वाढतं, वाढू दे. हे इथे सापडलं नसतं तर उद्या कोणीतरी घाईत घड्याळ यूटीसीवर (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं) टाकलं असतं, आणि सकाळी ७ चा कापसाचा भाव दुपारी साडेबाराला पोचला असता. तोवर माणूस गाडी रिकामी करून चहा पीत बसलेला.

साडेसातला लाईन गेली. उरलेलं काम मोबाईलच्या नेटवर.

शेवटी एक पायरी घातली: भाषा कोणतीही असो, चाललेल्या टेस्ट मोजायच्या, शून्य भरल्या तर लाल. मग मुद्दाम टॅग काढून पुश केलं. लाल आलं. टॅग परत लावला. हिरवं यायला यावेळी सहा मिनिटं लागली आणि लॉगमध्ये पोस्टग्रेस नीट उठताना दिसला.

“काहून हसून राहिला बे एकटाच?” बाबा दारातून. आज शेताच्या फिडरला बाराची लाईन, हरभऱ्याला पाणी द्यायचंय. स्टार्टर फोनवर आहे, तरी त्यांच्या हातात टॉर्च आहेच.

लॅपटॉप मिटतो. मफलर कुठे ठेवला देव जाणे.