तुम्ही विचारलंत म्हणून : हल्ली मी एवढंच का बोलते

"मॅडम, पूर्वी तुमचं भाषण म्हणजे मेजवानी असायची. हल्ली एक डबा घेऊन येता, पंचवीस मिनिटं बोलता आणि बसता. असं का?"

हा प्रश्न मला गेल्या काही महिन्यांत किती जणांनी विचारला याची गणती नाही. जुने विद्यार्थी विचारतात, मंडळांचे कार्यवाह विचारतात, माझी सख्खी बहीण विचारते. काहींच्या स्वरात काळजी असते. काहींना वाटतं, माझा अभ्यास सुटला. एका सहकाऱ्याने तोंडावर सांगितलं की तू विषय पातळ केलास. दर वेळी मी "वेळ कमी होता" असं काहीतरी पुटपुटते, आणि ते खरं नसतं. म्हणून आज एकदाच, नीट.

माझा विषय पाण्याचा. तीस वर्षं स्थापत्य अभियांत्रिकीच्या मुलांना जलविज्ञान शिकवलं. बडोद्यात राहून हा विषय शिकवणाऱ्याला उदाहरणं शोधायला लांब जावं लागत नाही, विश्वामित्री नदी शहराच्या मधून वाहते. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात जवळजवळ ५०० मिलिमीटर पाऊस पडला. पुढचं बडोदेकरांना मी सांगायला नको.

त्या वर्षीच्या गणेशोत्सवात दांडिया बाजारातल्या एका मंडळाने माझं व्याख्यान ठेवलं. सभागृह भरलेलं, मागे लोक उभे. मी बेचाळीस स्लाइडी केल्या होत्या. नदी पावागडच्या डोंगरातून निघते, आजव्याचं तळं सयाजीरावांच्या काळातलं, शहर ओलांडून ती ढाढर नदीला मिळते, इथून सुरुवात. मग दर वर्षीचे उच्चांक, त्यांचा आलेख, मग गुंबेलची पद्धत. गुंबेल हा जर्मन गणिती. मोठे पूर किती विरळ असतात याचा हिशोब मांडायला त्याचं सूत्र आमच्याकडे प्रत्येक विद्यार्थी शिकतो. ते सूत्र मी त्या सभागृहात नऊ मिनिटं समजावलं. ज्यांच्या गाद्या अजून गच्चीवर वाळत होत्या त्यांना.

शेवटी कुणीतरी उठून विचारलं, "मग असा पूर परत कधी?"

खरं तर संध्याकाळभर सगळे ह्या एकाच प्रश्नासाठी बसले होते. मी म्हणाले, "समजा, हा शंभर वर्षांचा पूर धरला..." आणि पुढे समजावत गेले. टाळ्या पडल्या. कारेलीबागेतले एक काका जवळ आले. वय सत्तरीच्या पुढे, हातात वही. म्हणाले, "ताई, फार सोपं करून सांगितलंत." त्या वाक्यावर मी पुढचे कितीतरी दिवस खूश होते.

ह्या काकांच्या घरी काकूंची पेटी होती. काकू भजनी मंडळात पेटी वाजवायच्या. त्या गेल्याला आता बरीच वर्षं झाली. २०१९ च्या पुरात तळमजल्यावरच्या त्यांच्या घरात पाणी कमरेपर्यंत आलं. पेटी कपाटावर होती म्हणून वाचली, आणि नंतर काकांनी ती वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवली. माझ्या व्याख्यानानंतर महिन्याभराने, खंडेनवमीला, त्यांनी ती परत खाली आणली. आपल्या घरात तिची पूजा व्हावी म्हणून. पूजा झाली आणि पेटी दिवाणखान्यात, खिडकीखालच्या बैठकीवर राहिली.

२०२४ च्या गोकुळाष्टमीला पाऊस लागला. नदी पंचवीस फुटांची धोक्याची पातळी ओलांडून पस्तिसाच्याही वर गेली. रात्री पाणी चढायला लागलं तेव्हा वरच्या मजल्यावरच्या मुलांनी काकांना उचलून नेलं. पेटीसाठी पुन्हा खाली उतरण्याइतका वेळ पाण्याने दिला नाही.

पाणी उतरल्यावर दहाएक दिवसांनी काका माझ्याकडे आले. रिक्षातून, चादरीत गुंडाळलेली पेटी घेऊन. मला वाटलं, दुरुस्तीवाल्याचा पत्ता हवा असेल. त्यांनी चादर सोडली. लाकूड फुगून वरची फळी मधोमध उचलली गेली होती. भात्याच्या घड्या एकमेकींपासून सुटल्या होत्या. पट्ट्यांच्या फटींत चिखल वाळून राखाडी झाला होता, एखाद्या जुन्या भिंतीतल्या गिलाव्यासारखा. काकांनी एक पांढरी पट्टी दाबली. ती खाली गेली आणि वर आलीच नाही. त्यांनी नखाने ती हळूच उचलली, पुन्हा दाबली, पुन्हा ती खालीच राहिली. असं तीन-चारदा केलं. बोलत काहीच नव्हते.

मग खिशातून वही काढली. तीच वही. २०१९ चं पान उघडून माझ्यासमोर धरलं. माझं दीड तासाचं व्याख्यान चार ओळींत होतं :

विश्वामित्री पावागडातून.
आजवा – महाराजांनी बांधला.
असा पूर १०० वर्षांनी.
वक्त्या विद्वान.

"तुम्ही म्हणाला होतात ना, शंभर वर्षांनी," काका म्हणाले. स्वरात राग नव्हता. एखादा विद्यार्थी उत्तर तपासून घेतो तसं विचारत होते. आपलंच काहीतरी ऐकायला चुकलं असेल, अशी त्यांची समजूत होती.

मी तिथल्या तिथे स्वतःचा बचाव केला, हे लिहायला लाज वाटते पण लिहिते. म्हणाले, "काका, तसं नाही. शंभर वर्षांचा पूर म्हणजे दर वर्षी शंभरात एक शक्यता. यंदा आला म्हणून पुढच्या वर्षी ती कमी होत नाही. नदीला आठवण नसते." ते मान हलवत ऐकत राहिले. पेटी आमच्या दोघांच्या मध्ये टीपॉयवर होती आणि मी तिच्यावरून हात हलवत संभाव्यता शिकवत होते.

ते गेल्यावर मी मंडळाकडून त्या व्याख्यानाचं रेकॉर्डिंग मागवलं. मला सिद्ध करायचं होतं की मी बरोबर बोलले होते. आणि मी बोलले होते! "याचा अर्थ शंभर वर्षांनी येईल असा नाही" हे वाक्य त्यात आहे, स्पष्ट आहे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. दुसऱ्यांदा ऐकताना बाकीचं ऐकू आलं. "शंभर वर्षांचा पूर" हे शब्द मी माईकसमोर, लोकांकडे बघत, सावकाश उच्चारले आहेत. मग पडद्याकडे वळून आलेखावर बोट ठेवत ते दुसरं वाक्य म्हटलंय. आवाज माईकपासून लांब गेलाय. लगेच पुढे "एक टक्का वार्षिक संभाव्यता", त्याच्या पाठोपाठ आवर्तनकाळाची, म्हणजे तसा पूर सरासरी किती वर्षांनी येतो याची, व्याख्या, आणि मागून खुर्च्या सरकल्याचे आवाज.

२०१९ मधल्या त्या बाईशी माझं अजून भांडण चालतं. ती म्हणते, मी चुकीचं एक अक्षर बोलले नाही. ऐकणाऱ्याने अर्धंच ऐकलं तर बोलणाऱ्याने काय करावं? प्राध्यापकाने अचूक असावं, बाकी जबाबदारी श्रोत्याची. मी तिला सांगते की वर्गातली मुलं परीक्षेसाठी चार वेळा वाचतात, सभागृहातला माणूस एकदाच ऐकतो. त्याला मागचं पान उलटता येत नाही. तुझं एक वाक्य त्याच्याबरोबर घरी जाणार असतं, आणि ते कोणतं हे तू ठरवलंच नव्हतंस. तू बेचाळीस स्लाइडी मांडल्यास आणि निवड त्याच्यावर सोडलीस. ती उत्तर देते, मग काय, लोकांना मूर्ख समजून बोलायचं? इथे माझं तिच्याशी पूर्ण जुळत नाही, पण तिला सगळं खोडूनही काढता येत नाही.

हा घोटाळा आपल्याकडेच होतो असं समजू नका. "उद्या पावसाची शक्यता ३० टक्के" याचा अर्थ काय, असं गिगेरेंझर ह्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पाच शहरांतल्या लोकांना विचारलं होतं. २००५ मध्ये ते छापून आलं. ॲमस्टरडॅम, अथेन्स, बर्लिन, मिलान ह्या चार शहरांत बहुतेकांनी चुकीचा अर्थ लावला. उद्या तीस टक्के वेळ पाऊस, किंवा तीस टक्के भागात पाऊस. फक्त न्यूयॉर्कमध्ये निम्म्याहून अधिक लोकांचं उत्तर बरोबर निघालं : असा अंदाज दिलेल्या शंभर दिवसांपैकी तीस दिवशी पाऊस. टक्का कशाचा, हे न सांगता आकडा दिला की ऐकणारा आपल्या मनाने काहीतरी भरतो. काकांनी तेच केलं.

आणि आमच्या विषयातली गंमत नाही, अडचण अशी की दोन्ही वाटा खड्ड्यात जातात. "शंभर वर्षं" म्हटलं की ते नातवंडांच्या पलीकडे वाटतं. "एक टक्का" म्हटलं की काहीच नाही असं वाटतं, दुकानदार तेवढी सूट द्यायला लागला तर आपण ऐकून न ऐकल्यासारखं करतो. दोन्ही एकच आकडा, आणि दोन्ही माणसाला झोप आणतात. आता हेच असं सांगा : तीस वर्षं त्याच घरात राहिलात तर त्या काळात निदान एकदा असा पूर बघण्याची शक्यता २६ टक्के, म्हणजे चारात एकाहून जास्त. वीस वर्षांचं गृहकर्ज फिटेपर्यंत १८ टक्के. हे त्या व्याख्यानात माझ्या एकतिसाव्या स्लाइडीवर होतं, तक्त्याच्या चौथ्या रकान्यात.

म्हणून डबा. पोळ्यांचा जुना स्टीलचा डबा, त्यात मांडवीतून आणलेले शंभर मणी. नव्व्याण्णव पांढरे, एक लाल. श्रोत्यांपैकी कुणालातरी बोलावते. न बघता हात घालायचा, मणी काढून सगळ्यांना दाखवायचा, परत टाकायचा, डबा हलवायचा. हे झालं एक वर्ष. असं वीस वेळा, तुमचं कर्ज फिटेपर्यंत. दुसरं काही सांगत नाही. आजवा नाही, गुंबेल नाही. सहाव्या-सातव्या वेळेपर्यंत लोक आपसात बोलत असतात, मग सभागृह शांत होत जातं. लाल मणी बहुधा निघत नाही. तरी दर वेळी हात आत जाताना पुढच्या रांगेतली माणसं वाकून बघतात. ते वाकून बघणं मला हवं असतं.

लहानपणी आजी मला देवळात कीर्तनाला न्यायची. बुवा पूर्वरंगात एक अभंग घ्यायचे, मग आख्यान लावायचे, आणि दीड तासाने पुन्हा त्याच अभंगावर येऊन थांबायचे. मला तेव्हा राग यायचा की एवढ्या वेळात एकच ओळ? आता बुवांचं कसब कळतं. पण ही तुलना मी फार ताणत नाही. बुवांसमोरच्या माणसांना ते आख्यान पाठ असायचं, शेवट माहीत असायचा. माझ्यासमोर बसलेल्यांना शेवट मलाही सांगता येत नाही.

आणि डबाही खोटं बोलतो. जे म्हणतात मी विषय पातळ केला, त्यांचं इथे मी ऐकते. डब्यात लाल मणी एकच असतो, वर्षानुवर्षं एकच. नदीच्या काठाने भराव पडले, बांधकामं झाली, पावसाचं वागणं बदललं, मग मणी तेवढाच कसा राहील? किती वाढवायचे, दोन की चार, हे ठामपणे सांगायला माझ्याकडे आधार नाही. ते सांगायला लागले की पुन्हा बेचाळीस स्लाइडी होतात. आणि एका कार्यक्रमात एका बाईंच्या हातात दुसऱ्याच खेपेला लाल मणी आला. त्यांचा चेहरा पडला. कार्यक्रम संपल्यावर त्या हळूच विचारायला आल्या, "म्हणजे आमच्याकडे पुढच्या वर्षी का हो?" त्यांना तो शकुन वाटला होता. त्यांना समजावण्यात माझा अर्धा तास गेला आणि त्या समाधानाने घरी गेल्या असं मला वाटत नाही.

गेल्या गणपतीत त्याच मंडळात मी डबा घेऊन गेले. काका पहिल्या रांगेत होते, वही घेऊन. संपल्यावर मीच त्यांच्याजवळ गेले आणि पान बघायला मागितलं. लिहिलं होतं :

डब्यात १०० मणी, १ लाल.
दर वर्षी एक काढायचा. काढलेला बाहेर ठेवायचा.
लाल आज ना उद्या येणारच.

बाहेर ठेवायचा! वीसच्या वीस वेळा त्यांच्या डोळ्यांसमोर मणी परत टाकला होता. परत टाकला नाही तर सगळं गणितच बदलतं, दर वर्षी धोका वाढत जातो आणि शंभराव्या वर्षापर्यंत लाल मणी नक्की निघतो. मी पेन मागितलं. काकांनी दिलं. मग मी विचारलं, "पेटी कुठे आहे आता?"

"वर," ते म्हणाले. "खाली आणायची नाही आता. ती काही वाजत नाही, पण वरच."

मी पेन परत दिलं. ओळ दुरुस्त केली नाही. बरोबर केलं की चूक, हे मला अजून ठरवता आलेलं नाही, आणि २०१९ मधल्या बाईला तर हे अजिबात पटलेलं नाही. यापुढे मणी परत टाकताना मी दर वेळी ते मोठ्याने म्हणणार आहे, वीसच्या वीस वेळा. काकांच्या वहीतली ओळ तशीच आहे.